भुताटकीच्या खोलीचं लायटिंग : या चुका टाळा

जुन्या वाड्याचं माजघर, रात्रीची वेळ, आत एकच कंदील. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये मॉडेलिंग झकास जमतं, आणि रेंडर (म्हणजे तयार चित्र) निघाला की खोली भयाण वाटायच्या ऐवजी नुसती मळकट दिसते. शिकणाऱ्या मुलांच्या फायली उघडल्या की मला पुन्हा पुन्हा त्याच चुका सापडतात.

पहिली वर्ल्डची, म्हणजे दृश्याभोवतीच्या पार्श्वभूमीची. नव्या फाइलमध्ये बॅकग्राउंडला करडा रंग आधीच दिलेला असतो. तो दारा-खिडक्यांतून आत झिरपतो आणि सावल्या फिक्या पाडतो. मग खोली काळोखी व्हावी म्हणून कंदीलच मंद केला जातो आणि सगळंच सारखं अंधुक होऊन बसतं. वर्ल्डची स्ट्रेंग्थ शून्य करा. मिट्ट काळोखापासून सुरुवात करून एकेक दिवा लावत जा. फ्रेममध्ये एक जागा चांगली उजळ हवीच : कंदिलाजवळची भिंत किंवा कंदील धरलेला हात. उजळ काहीतरी दिसलं, तरच जिन्याच्या वरच्या पायऱ्यांवरचा काळोख डोळ्यांना खुपतो.

कंदिलाच्या आत पॉइंट लाइट (एका जागेतून चहूकडे उजेड टाकणारा दिवा) ठेवला, वॉट वाढवत नेले, तरी खोलीत काळोखच? दोष काचेचा आहे. सायकल्स या ब्लेंडरच्या रेंडर इंजिनमध्ये ग्लास शेडरची (काचेचं मटेरियल दिलेली) काच आतल्या दिव्याची वाट अडवते. काचेच्या ऑब्जेक्ट प्रॉपर्टीजमध्ये रे व्हिजिबिलिटीखाली 'शॅडो'ची खूण काढून टाका. खिडकीच्या तावदानांनाही हाच उपाय.

दिव्याचा आकार तपासायचा राहून जातो. ज्योत दोन-तीन सेंटिमीटरची असते. रेडियस अर्धा मीटर ठेवलात तर गजांच्या सावल्या विरघळून जातात. रंगासाठी ब्लॅकबॉडी नोड (तापमानावरून रंग ठरवणारा) घेऊन 1900 केल्विनच्या आसपास ठेवा; केल्विनचा आकडा जितका कमी तितका उजेड पिवळा-तांबडा.

आता ज्योतीची थरथर. इथे मी आग्रही आहे. पॉवरला कीफ्रेम (ठरावीक फ्रेमवर नोंदवलेली किंमत) देऊन ग्राफ एडिटरमध्ये नॉइज मॉडिफायर (ती किंमत आपोआप वरखाली करणारा) लावतात आणि त्याचा स्केल 1 च ठेवतात. मग प्रत्येक फ्रेमला उजेड उडतो आणि कंदील बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखा फडफडतो. स्केल 6 ते 8 करा, चढउतार पॉवरच्या दहा-पंधरा टक्क्यांत ठेवा. खरं तर कंदिलाची ज्योत काचेआड असल्यामुळे फारशी हलतच नाही, हलते ती पणतीची किंवा समईची. कंदील हातात झुलतो तेव्हा हलतात त्या सावल्या. म्हणून लाइटची जागा हलवा. कंदील दोन बोटं डावीकडे गेला की समोरच्या खांबाची सावली भिंतभर उजवीकडे सरकते, आणि कुणीतरी खांबाआड झाल्यासारखं वाटतं. मला स्वतःला लायटिंगमध्ये याहून परिणामकारक काही सापडलेलं नाही.

चांदणं गडद निळं करू नका. चंद्रप्रकाश मोजला तर सुमारे 4100 केल्विन भरतो, म्हणजे दुपारच्या उन्हापेक्षाही पिवळट. मंद उजेडात आपल्या डोळ्यांना निळे रंग तुलनेने उजळ दिसतात; पुरकिन्ये या शास्त्रज्ञाच्या नावाने हा परिणाम ओळखला जातो. म्हणून चांदण्याला नुसती निळसर झाक पुरते.

धुक्यासाठी प्रिन्सिपल्ड व्हॉल्यूम (हवेत धूसरपणा भरणारा शेडर) लावला की डेन्सिटी 1 असते. खोलीला ती फार होते, सगळं गिळून टाकते. 0.02 पासून सुरू करा. व्हॉल्यूम वर्ल्डला जोडू नका, नाहीतर चांदण्यासाठी लावलेला सन लाइट खोलीपर्यंत पोचतच नाही. खोलीएवढा क्यूब करून त्याला द्या.

कमी सॅम्पल्सवर (दर पिक्सेलमागे कमी किरण मोजून) डीनॉइझर (चित्रातले दाणे पुसणारं साधन) लावलेली एक फ्रेम छान दिसते, पण क्लिप चालवली की कोपऱ्यांत डाग वळवळतात. म्हणून अंतिम रेंडरआधी सगळ्यात काळोख्या जागेच्या वीस फ्रेम काढून चालवून बघा. तीच क्लिप मोबाइलवर, दिवसाच्या उजेडातही बघा. जिन्याच्या खालच्या दोन पायऱ्या तिथे दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर एक्स्पोजर वाढवू नका. कंदीलच जिन्याकडे एक पाऊल सरकवा. अंतर निम्मं झालं की उजेड चौपट पडतो, आणि वरच्या पायऱ्या काळोखातच राहतात.