व्हील बेअरिंगचा घूंऽऽ आवाज आणि वॉरंटी: या चुका टाळा

गाडी साठच्या पुढे गेली की घूंऽऽ असा घुमणारा आवाज सुरू होतो. वेग वाढेल तसा तो चढतो, वेग उतरला की विरतो. व्हील बेअरिंग जायला लागल्याची ही पहिली खूण. आतला प्रकार साधा आहे. दोन पोलादी कड्यांच्या मध्ये छर्रे फिरतात, त्यांना ग्रीस असतं आणि दोन्ही बाजूंना रबरी सील. कड्यांच्या गुळगुळीत पृष्ठभागावर बारीक खड्डे पडले की छर्रे त्यावरून जाताना आवाज करतात. हे खड्डे भरून येत नाहीत, वाढतच जातात.

दुरुस्ती बहुतेक गाड्यांमध्ये एका दिवसात होते. तरीही यात लोकांचे पैसे आणि हक्क दोन्ही जातात, कारण निदान चुकतं आणि तक्रार उशिरा होते. मला दुसरी गोष्ट जास्त खुपते. गाडी वॉरंटीत असताना तुम्हाला ऐकू आलेला आवाज कागदावर आला नाही, तर कंपनीच्या लेखी तो आलेलाच नसतो.

टायरला दोष देऊन टायर बदलणं

ही सगळ्यांत महागडी चूक. टायर उंच-सखल झिजला असेल तर त्याचाही आवाज हुबेहूब असाच येतो, त्यामुळे अनेक जण आधी चार टायर घेतात आणि मग आवाज तसाच आहे म्हणून डोक्याला हात लावतात. उलटही होतं. बेअरिंग बदलून झालं आणि आवाज टायरचाच निघाला.

फरक ओळखायला यंत्र लागत नाही. टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या काँक्रीटवर तो मोठा असतो आणि नव्या गुळगुळीत डांबरावर चढलात की लगेच पडतो. बेअरिंगचा आवाज डांबरावरही तसाच राहतो. म्हणून काँक्रीटच्या रस्त्यावर निदान करत बसू नका. शंका उरली तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे टाकून बघा. आवाजाची जागा किंवा सूर बदलला तर दोष टायरचा.

मग रिकाम्या, रुंद रस्त्यावर साठच्या आसपास गाडी न्यूट्रल करून क्षणभर धावू द्या. इंजिनाचे फेरे उतरूनही आवाज कायम राहिला तर दोष इंजिन किंवा क्लचचा नाही. त्यानंतर स्टिअरिंग हलकेच डावीकडे आणि उजवीकडे द्या. डावीकडे वळताना गाडीचं वजन उजव्या चाकांवर जातं. तेव्हा आवाज वाढला तर बहुतेक वेळा उजव्या बाजूचं बेअरिंग गेलेलं असतं, आणि उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या. पूर्ण वळवलेल्या चाकांवर कट-कट-कट असा तुटक आवाज येत असेल तर तो बेअरिंगचा नाही, ड्राइव्ह शाफ्टच्या (इंजिनाची ताकद चाकाला देणाऱ्या दांड्याच्या) सांध्याचा, म्हणजे सीव्ही जॉइंटचा आहे.

कानावर मात्र फार विसंबू नका. गाडीचा पत्रा आवाज वाहून नेतो आणि पुढच्या चाकाचा आवाज मागच्या सीटखालून आल्यासारखा वाटतो. खरी खात्री जॅकवर होते. गाडी हँडब्रेक आणि स्टँड लावून नीट उचला. चाक वरून आणि खालून धरून आत-बाहेर हलवा. प्ले, म्हणजे सैलपणा, जाणवला तर दुसऱ्या कुणाला ब्रेक दाबायला सांगून पुन्हा हलवा. ब्रेक दाबल्यावर प्ले नाहीसा झाला तर बेअरिंगवर संशय घ्या. तसाच राहिला तर सस्पेन्शनचा खालचा सांधा, म्हणजे बॉल जॉइंट बघा. शेवटी एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवून दुसऱ्या हाताने चाक फिरवा. चांगलं बेअरिंग स्प्रिंगमध्ये काहीच पोचू देत नाही. खराब झालेलं असेल तर बोटांना बारीक खरखर लागते, ती कानाला ऐकू येण्याच्या कितीतरी आधी. मला सगळ्या तपासण्यांत ही सर्वांत विश्वासाची वाटते. आजची बेअरिंगं प्ले न येताही वाजतात. तेव्हा ‘चाक हलत नाही, म्हणजे बेअरिंग चांगलं’ हा निष्कर्ष काढू नका आणि मेकॅनिकनं काढला तर मानू नका.

पावसाचं पाणी विसरणं

आपल्याकडे बेअरिंगं पावसाळ्यात खराब होतात आणि दिवाळीच्या प्रवासात वाजतात. मधले महिने गेल्यामुळे कारण कुणाच्या लक्षात राहत नाही. महामार्गावरून आलेल्या गाडीचा हब, म्हणजे चाक ज्यावर बसतं तो बेअरिंगचा मधला भाग, तापलेला असतो. तशीच ती साचलेल्या पाण्यात घातली की हब एकदम थंड होतो, आतली हवा आकसते आणि सीलच्या कडेनं पाणी आत ओढलं जातं. ते ग्रीसमध्ये मिसळतं, ग्रीसची पकड जाते, पोलादाला गंज धरतो. गाडी धुताना प्रेशरच्या पाण्याचा फवारा थेट हबवर धरला तरी सीलचं हेच होतं. चाकाच्या बाहेरून धुवा, मधोमध नको.

दुसरं कारण खड्डे. वेगात चाक खड्ड्यात आदळलं की छर्रे कड्यावर ठसे उमटवतात, आणि त्या ठशांपासून पुढची झीज सुरू होते. शोभेसाठी जास्त रुंद किंवा जास्त बाहेर येणारी अलॉय व्हील्स, स्पेसर आणि क्षमतेपेक्षा जास्त भार यांनी तोच ताण रोजचा होतो.

पुराचा विषय वेगळा ठेवा. जुलै २०२१ मध्ये चिपळूणला, २०१९ आणि २०२१ मध्ये सांगली-कोल्हापूरला ज्या गाड्या बुडाल्या, त्यांच्या बेअरिंगचा प्रश्न वॉरंटीचा नाही, विम्याचा आहे. तिथे दावा करताना सर्व्हेअरला चारही हब तपासायला सांगा आणि अहवालात लिहून घ्या. आपल्याकडच्या प्रमाणित मोटार विम्यात झीज आणि यांत्रिक बिघाड वगळलेला असतो, त्यामुळे महिन्यांनी आवाज आला तर तो पुरामुळे आला हे सिद्ध करणं अवघड जातं. कन्झ्युमेबल्सचं, म्हणजे दुरुस्तीत खर्ची पडणाऱ्या किरकोळ वस्तूंचं, जादा संरक्षण घेतलं असेल तर त्याची यादी काढून बघा. अनेक पॉलिसींत नट-बोल्ट आणि ग्रीसबरोबर बेअरिंगही असतं.

‘सर्व्हिसला गेलो की सांगू’

वॉरंटीला वर्षांची आणि किलोमीटरची अशा दोन मर्यादा असतात, आणि जी आधी येईल ती लागू होते. मारुती सुझुकीची साधी वॉरंटी पूर्वी २ वर्षं किंवा ४०,००० किमी होती. जुलै २०२४ पासून दिलेल्या गाड्यांना ती ३ वर्षं किंवा १ लाख किमी झाली. म्हणजे त्याआधी घेतलेल्या गाडीला शेजाऱ्याच्या नव्या गाडीचा नियम लागत नाही. दर आठवड्याला नाशिक-पुणे करणाऱ्याची मर्यादा तर तारखेच्या कितीतरी आधी किलोमीटरवर संपते. तुमच्या पुस्तिकेत काय छापलंय ते बघा आणि ओडोमीटर बघा.

एक्स्टेंडेड वॉरंटी घेतली म्हणजे सगळं आलं, हाही समज चुकीचा. साध्या वॉरंटीत ब्रेक पॅड, क्लच, वायपर असे झिजणारे भाग वगळलेले असतात आणि बेअरिंग बहुधा धरलेलं असतं. वाढीव योजनेत मात्र कोणते भाग धरले ते योजनेप्रमाणे बदलतं. घेताना सेल्सचा माणूस काय म्हणतो त्यापेक्षा यादीत ‘व्हील बेअरिंग’ किंवा ‘हब’ हे शब्द आहेत का ते शोधा. वॉरंटीत बदललेल्या भागाला नवी वॉरंटी सुरू होते असंही समजू नका. बहुतेक कंपन्यांत त्याची मुदत मूळ वॉरंटीबरोबरच संपते.

आता सर्वांत महत्त्वाचं. आवाज आला त्याच आठवड्यात गाडी घेऊन जा आणि जॉबकार्डवर (सर्व्हिस सेंटर गाडी घेताना कामाची नोंद करतं त्या कागदावर) तक्रार लिहून घ्या. ‘आवाज येतो, चेक करणे’ एवढं लिहू देऊ नका. असं लिहून घ्या: ‘७० ते ९० किमी वेगात पुढून घूं आवाज, न्यूट्रलमध्येही राहतो, उजवीकडे वळताना वाढतो, डाव्या पुढच्या बेअरिंगचा संशय.’ सोबत त्या दिवसाचं किलोमीटर. फोनवर आवाज रेकॉर्ड केला असेल तर तोही सर्व्हिस सेंटरच्या सल्लागाराच्या नंबरवर पाठवा, म्हणजे तारखेसह राहतो.

टेस्ट ड्राइव्हला स्वतः बसा. अशी ड्राइव्ह मी जवळून पाहिली आहे. सर्व्हिस सेंटरच्या मागच्या गल्लीत एक फेरी, पंखा तीनवर, काच अर्धी उघडी, वेग चाळीसच्या वर नाही, आणि परत येताना ‘सर, आवाज नाहीये.’ पंखा बंद करायला लावा, काचा चढवायला लावा आणि आवाज येतो त्या वेगापर्यंत गाडी जाईल अशा रस्त्यावर नेण्याचा आग्रह धरा. त्यात संकोच करण्यासारखं काही नाही. तरीही ‘नॉर्मल आहे’ असं म्हणाले तर भांडू नका, तेच जॉबकार्डवर लिहायला सांगा आणि सहीची प्रत घ्या. घरी येऊन जॉबकार्ड नंबर, किलोमीटर आणि तारीख घालून कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल करा. पुढे वॉरंटी संपल्यावर तेच बेअरिंग बदलावं लागलं तर बिघाड मुदतीतला होता हे दाखवायला हा कागद असतो.

आणि दावा करायच्या आधी बाहेरच्या गॅरेजमध्ये हब उघडू नका. जॅकवर चाक फिरवून बघणं वेगळं, बेअरिंग काढायला हब दाबयंत्रावर (प्रेसवर) चढवणं वेगळं. एकदा हब खोलला की दोष कारखान्याचा की गॅरेजचा हे ठरवता येत नाही, आणि त्या संशयाचा फायदा तुम्हाला मिळत नाही.

‘वेअर अँड टेअर’ ऐकून परत फिरणं

‘ही नेहमीची झीज आहे, वॉरंटीत येत नाही’ हे उत्तर मिळालं तर एकच प्रश्न विचारा: पुस्तिकेत कुठल्या कलमात बेअरिंग वगळलंय? आणि नकार लेखी मागा. तोंडी नकार बराच सैल असतो. लिहायची वेळ आली की बऱ्याचदा गाडी पुन्हा तपासली जाते.

‘तुम्ही बाहेर टायर बदलले, म्हणून वॉरंटी गेली’ असंही सांगतात. भारतीय स्पर्धा आयोगानं ऑगस्ट २०१४ मध्ये १४ मोटार कंपन्यांविरुद्धच्या आदेशात या मुद्द्यावर स्पष्ट लिहिलं होतं: स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, बाहेरच्या सदोष कामामुळे जेवढं नुकसान झालं तेवढ्यापुरतीच ती नाकारता येईल. त्यावर अपिलं झाली, पण तुमचा मुद्दा मांडायला तर्क तोच आहे: टायर बदलल्यानं बेअरिंग कसं गेलं ते दाखवा. कंपनीनं मान्य केलेल्या मापापेक्षा मोठी चाकं बसवली असतील तर मात्र हा वाद तुमच्या बाजूनं टिकणार नाही.

तरी हलले नाहीत तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार तुम्ही राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनीच्या मुख्यालयाच्या गावी जावं लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून २ वर्षं. ऑनलाइन दाखल करायला आता ई-जागृती पोर्टल आहे. गाडी स्वतः चालवून पोट भरणारा टॅक्सीवालाही या कायद्यात ग्राहक ठरतो. गाडी धंद्याची आहे म्हणून त्यानं मागे हटू नये.

स्वस्त बेअरिंग आणि हातोडा

वॉरंटी संपली असेल आणि बाहेर काम करायचं असेल तर बिल असलेल्या दुकानातूनच बेअरिंग घ्या. नावाजलेल्या ब्रँडची नक्कल खोक्यासकट मिळते. एसकेएफ आणि शेफलर यांची खोकं तपासायची मोबाइल अॅप आहेत, ती वापरा.

बसवण्याची पद्धत तर बेअरिंगइतकीच महत्त्वाची. स्टिअरिंग नकलमध्ये, म्हणजे बेअरिंग ज्या धातूच्या भागात बसतं त्यात, ते दाबताना जोर बाहेरच्या कड्यावर यायला हवा आणि हब दाबताना आतल्या कड्याला आधार हवा. जोर छर्ऱ्यांमधून गेला की नवं बेअरिंग बसतानाच खराब होतं. हातोड्याच्या घावानं हेच होतं. एबीएसची (ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) चुंबकी कडी ज्या सीलमध्ये असते ती बाजू सेन्सरकडेच यायला हवी, उलटी बसली तर डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. अॅक्सल नट बहुतेक गाड्यांत एकदाच वापरायचा असतो. नवा घ्या आणि टॉर्क रेंचनं मॅन्युअलमधल्या मापापर्यंत आवळायला सांगा. नट आवळण्याआधी गाडीचं वजन चाकावर टाकू देऊ नका. स्ट्रटचे (सस्पेन्शनच्या खांबाचे) बोल्ट खोलले असतील तर अलाइनमेंट करून घ्या. ‘दोन्ही बाजूंची बदला’ हा सल्ला मात्र घेण्याची गरज नाही. दुसरं वाजत नसेल आणि स्प्रिंगवर हात ठेवून खरखर लागत नसेल तर राहू द्या.

आवाजाची सवय होणं

सुरुवातीचा घूं आवाज असताना वर्कशॉपपर्यंत सावकाश जाता येतं. पण आवाज खरखरीत झाला, स्टिअरिंग किंवा फ्लोअर थरथरायला लागलं, ब्रेक पेडल नेहमीपेक्षा खाली जायला लागलं किंवा थांबल्यावर एकाच चाकाजवळ जास्त गरम लागून ग्रीस जळल्याचा वास आला, तर गाडी पुढे नेऊ नका. चाकात आलेल्या प्लेमुळे ब्रेक डिस्क पॅडना मागे ढकलते, म्हणून पेडल खाली जातं. त्यापुढे हब जाम होतो किंवा चाक निखळतं. घाटात असाल तर जिथे सुरक्षित जागा मिळेल तिथे गाडी बाजूला घ्या, चाक आणि हबला हात लावू नका, रोडसाइड असिस्टन्सला फोन करा आणि दोन चाकांवर ओढून नेणारी क्रेन नको, गाडी पूर्ण वर चढवून नेणारा फ्लॅटबेड पाठवा असं सांगा.