आर-पेंटोमिनो ११०३ ला थांबत नाही? या चुका टाळा

कॉनवेच्या ‘गेम ऑफ लाइफ’मध्ये जाळीतलं जिवंत घर दोन किंवा तीन जिवंत शेजारी असले तरच पुढच्या पिढीत टिकतं, आणि मृत घर नेमके तीन असले की जन्मतं. त्यात पाच घरांचा आर-पेंटोमिनो हा नमुना ११०३ पिढ्या धुमाकूळ घालतो आणि ११६ जिवंत घरांवर स्थिरावतो. अशा चिमुकल्या पण दीर्घायुषी नमुन्यांना मेथुसेला म्हणतात. (चिरंजीव म्हणता येत नाही, शेवटी थंडावतातच.) तुमच्याकडे भलताच आकडा येतोय? मग प्रोग्राम तपासा.

माझ्या पहिल्या प्रोग्राममध्ये मी नियम तीनदा वाचून काढले. चूक निघाली काठाची. जाळी १००×१०० ची होती आणि समोरासमोरच्या कडा एकमेकींना जोडलेल्या. ६९व्या पिढीला पहिला ग्लायडर (पाच घरांचा सरकता नमुना) सुटतो, चार पिढ्यांत तिरपं एक घर सरकतो. म्हणजे चारेकशे पिढ्यांत जाळीला वळसा घालून तो निघाला तिथेच परत येतो आणि मधल्या गर्दीवर आदळतो. पुढचा सगळा इतिहासच बदलतो. कडा मृत ठेवल्या तरी सुटका नाही: ग्लायडर काठावर आपटून ब्लॉक (चार घरांचा स्थिर चौकोन) होतो, पाचाची चार घरं होतात, बेरीज चुकते. ११०३ पर्यंत पहिला ग्लायडर साधारण २५८ घरं दूर जातो, म्हणून ६००×६०० ची जाळी घ्या आणि नमुना मधोमध ठेवा. त्याहून बरं म्हणजे फक्त जिवंत घरांचे निर्देशांक सेटमध्ये ठेवा. काठच उरत नाही.

दुसरी चूक, त्याच अॅरेत लिहिणं. आडव्या ब्लिंकरवर (ओळीतली तीन घरं, दर पिढीला आडवी-उभी होणारी) बघा: वरच्या ओळीतलं मधलं घर जन्मलं की त्याच फेरीत उजवीकडच्या घराला तो तिसरा शेजारी मिळतो, आणि तेही उगाच जन्मतं. नवी पिढी वेगळ्या अॅरेत लिहा.

‘मागच्या पिढीसारखीच पिढी आली की थांब’ अशी अट घातली असेल, तर प्रोग्राम थांबणारच नाही. शेवटी उरलेले चार ब्लिंकर उघडझाप करत राहतात, सहा ग्लायडर चालत राहतात. एकूण संख्या मात्र ११६ च राहते. ती शंभरेक पिढ्या टिकली की मागे जाऊन तिची पहिली पिढी शोधा. सुरुवातीची पिढी शून्य धरा, नाहीतर ११०४ येईल.

आर-पेंटोमिनोचा आकारही नीट मांडा. वर मधलं-उजवं, मध्ये डावं-मधलं, खाली फक्त मधलं. एकॉर्न या दुसऱ्या मेथुसेलात सातच घरं, पण खालच्या ओळीत दोन घरांनंतर दोन रिकामी, मग तीन. एक घर इकडचं तिकडे झालं, तर त्याच्या ५२०६ पिढ्यांची वाट बघू नका.