सोयाबीनची मळणी : मशीन बदलण्याआधी पुली बघा

सप्टेंबरच्या शेवटी सोयाबीनची कापणी सुरू झाली की गावात मळणी मशीनची मागणी एकदम वाढते. तेव्हा जे मशीन मिळेल ते शेतात आणावं लागतं. आजवरचं सर्वांत वाईट अवजार कोणतं, असं मराठवाडा-विदर्भात चार शेतकऱ्यांना विचारलं तर निदान दोघं तरी एखाद्या थ्रेशरचंच नाव घेतील. तक्रारीही ठरलेल्या असतात : दाणा फोडतं, दाणा मागं भुशात फेकतं, ओला माल ड्रमला (माल झोडणाऱ्या फिरत्या पिंपाला) गुंडाळतं. यातली बहुतेक मशीनं मुळात वाईट नसतात. गव्हासाठी लावलेल्या वेगावर सोयाबीन मळल्याने ती बदनाम झालेली असतात.

सोयाबीनच्या दाण्याचं टरफल फार पातळ असतं आणि अंकुर त्याच्या अगदी खालीच असतो. ड्रमचा फटका जोरात बसला की दाणा वरून शाबूत दिसतो, पण आतला अंकुर मेलेला असतो. बाजारात असा माल खपून जातो, घरचं बियाणं म्हणून ठेवला तर जूनमध्ये दगा देतो. 2020 च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. आधीच्या काढणीत माल पावसात सापडला होता, हे त्याचं मोठं कारण होतं. पाऊस आपल्या हातात नाही, ड्रमचे फेरे आहेत. बियाण्यासाठीचं सोयाबीन मिनिटाला 350 ते 400 फेऱ्यांवर मळायचं. दाण्यात 13 टक्क्यांच्या आसपास ओलावा असेल तर 400 च्या वर जाऊच नये.

फेरे कमी करायला सांगितलं की ऑपरेटर ट्रॅक्टरचा थ्रॉटल, म्हणजे रेस, कमी करतो, आणि तिथंच घोटाळा होतो. भूस उडवणारा पंखाही त्याच पीटीओवर, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागच्या अवजार फिरवणाऱ्या शाफ्टवर चालतो. थ्रॉटल खाली आला की पंख्याची हवा मरते, भूस दाण्यात येतो, चाळणी तुंबते. मग ऑपरेटर वैतागून पुन्हा रेस वाढवतो. तो पोत्यामागे पैसे घेत असेल तर त्याला घाईही असते. त्यामुळे ट्रॅक्टर 540 पीटीओवरच चालू द्यायचा (मिनिटाला 540 फेरे, मीटरवर त्याची खूण असते) आणि ड्रमची पुली बदलायची.

हिशेब सोपा आहे. फिरवणाऱ्या पुलीचे फेरे गुणिले तिचा व्यास, भागिले ड्रमच्या पुलीचा व्यास. मुख्य शाफ्टवर 10 इंची पुली 540 ने फिरते आणि ड्रमवर 8 इंची पुली आहे, तर ड्रम 675 फेरे घेतो. एवढ्या फटक्यात सोयाबीनची डाळच होणार. ड्रमवर 14 इंची पुली चढवली की फेरे 386 वर येतात आणि पंख्याला धक्का लागत नाही. हेच काम थ्रॉटलवर करायला गेलात तर पीटीओ 309 पर्यंत खाली आणावा लागेल. व्यास मोजताना पुलीची बाहेरची कड धरू नका, बेल्ट खाचेत जिथं बसतो तिथलं माप घ्या. पुली बदलली की बेल्टची लांबीही बदलते, म्हणून नवा बेल्ट आधीच आणून ठेवा. जुनाच बेल्ट ओढूनताणून बसवला की बेअरिंग गरम होऊन जातं. खात्री करायची असेल तर मोटार रिवाइंडिंगच्या दुकानातून फेरे मोजणारा टॅकोमीटर आणून लावा.

काही मशीनमध्ये ड्रम आणि पंखा एकाच शाफ्टवर असतात. तिथं पुलीची युक्ती चालत नाही. असं मशीन बाजाराच्या मालाला ठीक, थ्रॉटल थोडा उतरवून पंख्याची हवा घेण्याची खिडकी पूर्ण उघडायची. बियाण्याचा माल मात्र त्यात घालू नका. दोन-चार पोत्यांपुरतं बियाणं हवं असेल तर काठीने झोडपलेलं सगळ्यात चांगलं, जुन्या माणसांचं यात काही चुकत नव्हतं.

ड्रमवरचे काही खुंटे काढून फटका कमी करण्याची पद्धतही बऱ्याच ठिकाणी आहे. ती चालते, पण खुंटे समोरासमोरचे जोडीने काढायचे. एका बाजूचे जास्त निघाले की ड्रमचा तोल जातो, मशीन थरथरतं, नट सैल होतात. खाली जाळी आणि खुंट्यांमधलं अंतर दोन्ही टोकांना सारखं आहे का, ते लाकडाची एकच पट्टी दोन्हीकडे सरकवून बघा. एका टोकाला अंतर कमी असेल तर नेमका तिथेच दाणा भरडला जातो. वाकलेला एक खुंटाही तेवढंच नुकसान करतो.

ओलाव्याचं गणित वेगळं. 17-18 टक्क्यांच्या वर ओलावा असेल तर शेंग फुटत नाही, काडी ड्रमला गुंडाळते, दाणा चेपला जातो. 10 च्या खाली गेला तर हळू ड्रमवरही दाणा दुभंगतो. 13 ते 15 च्या दरम्यान मळणी करा. ओलावा मापक नसेल तर दाणा दाताखाली धरा : चेपला तर थांबा, कट्‌ आवाज होऊन तुटला तर मळणीला हरकत नाही. गंजीच्या वरच्या पेंढ्या वाळलेल्या आणि तळाच्या दमट असतात. दोन्ही एकत्र घातल्या तर कोणताही वेग जमत नाही, म्हणून तळाचा माल वेगळा काढून ताडपत्रीवर एक ऊन द्या. कापणीनंतर पावसात भिजलेली गंजी बियाण्यातून बादच करा.

मशीन सुरू झाल्यावर पहिल्या दहा मिनिटांत दोन गोष्टी तपासा. पोत्याच्या तोंडाशी येणाऱ्या मालातून न निवडता 100 दाणे मोजा. फुटके आणि टरफल उकललेले दोनाच्या वर असतील तर बियाण्याची मळणी थांबवून वेग बघा. मग मागं भूस पडतो तिथं मिनिटभर ताडपत्री धरून त्यातला दाणा चाळून घ्या. पुढं मिनिटाला 8 किलो माल येत असेल आणि मागं 80 ग्रॅम निघाला, तर नुकसान साधारण 1 टक्का. त्याहून जास्त असेल तर पंख्याची खिडकी थोडी बंद करा. तरी कमी होत नसेल तर चाळणी बघा, ती तुंबून दाणा तिच्यावरून वाहत जातो. भुशात न फुटलेल्या शेंगा दिसल्या तर मात्र दोष हवेचा नाही, माल ओला आहे किंवा एका वेळी फार घातला जातोय.

दुसऱ्याच्या शेतावरून आलेल्या मशीनमध्ये त्याचा माल शिल्लक असतो : चाळणीच्या कडेला, ड्रमच्या खाली, पोतं लावायच्या नळीत. पाच मिनिटं रिकामं चालवा, खालचं झाकण उघडून झाडा, आणि पहिलं पोतं बियाण्यात धरू नका. घरच्या फुले संगम वाणात शेजाऱ्याचं जेएस-335 वाण मिसळलं तर पुढच्या वर्षी त्याची झाडं आधी पिकतात. जेएस-335 पिकल्यावर उभं राहिलं की शेंगा तडकतात.

आता अपघाताचं. बहुतेक वेळा हात जातो तो माल अडकल्यावर. हाताने ढकलू नका, पेंढी पुढच्या पेंढीने ढकला. माल घालायची पाटी किमान 90 सेंटिमीटर लांब आणि ड्रमकडचा 45 सेंटिमीटर भाग वरून झाकलेला हवा. जुन्या मशीनचं हे झाकण ‘माल लवकर जात नाही’ म्हणून कापून टाकलेलं दिसतं, असं मशीन परत पाठवा. ड्रम चोक झाला तर पीटीओ सोडा, ट्रॅक्टर बंद करा, किल्ली खिशात घाला. फ्लायव्हीलमुळे ड्रम त्यानंतरही फिरत राहतो, तो पूर्ण थांबल्याशिवाय झाकण उघडू नका. पदर खोचलेला असावा, दस्ती गळ्यात नसावी, बाही मनगटाला घट्ट असावी. पीटीओ शाफ्टवर गार्ड नसेल तर त्या बाजूने कुणी जाणार नाही अशी दोरी बांधा. सायलेन्सरचं तोंड गंजीकडे येणार नाही असा ट्रॅक्टर लावा, पाण्याचा ड्रम भरून ठेवा, आणि वीज तारांखाली खळं करू नका. अपघात झालाच तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेचा अर्ज 30 दिवसांच्या आत तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे द्यायचा असतो. दवाखान्याच्या गडबडीत ही मुदत निघून जाते.

भाडं ठरवताना फक्त पोत्याचा दर बोलू नका. बियाण्याची पोती वेगळ्या दराने किंवा तासावर ठरवा, म्हणजे ऑपरेटरला वेग वाढवून काही मिळत नाही. मोठी पुली आणि बेल्ट तुम्ही चार जणांत मिळून विकत घेऊन ठेवला तरी चालतो, फक्त शाफ्टचं आणि चावीच्या खाचेचं माप त्या मशीनशी जुळतंय का, ते हंगामाआधी बघून घ्या.

मळलेला माल 12 टक्क्यांपर्यंत वाळवून ज्यूटच्या पोत्यात भरा. बियाण्याची पोती गाडीवरून खाली आपटू नका, थप्पीही चार-पाच पोत्यांहून उंच नको. ड्रमखाली वाचलेला अंकुर इथेही मरतो. नंतर प्रत्येक लॉटमधले 100 दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत गुंडाळून सावलीत ठेवा. सातव्या दिवशी 70 च्या वर निरोगी मोड आले तरच तो लॉट बियाण्याचा, नाहीतर भाव बघून विकून टाका.