व्याख्यानांची क्रूझ कशी शोधावी : बेळगाव सीमाभागातील प्रवाशांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी माणसाला व्याख्यान ऐकण्याची सवय नव्याने लावावी लागत नाही. १८४८ साली स्थापन झालेल्या बेळगावच्या सार्वजनिक वाचनालयाची बॅ. नाथ पै व्याख्यानमाला असो किंवा कडोली, येळ्ळूर, उचगाव येथील साहित्य संमेलने असोत, तास-दीड तास वक्त्याला मन लावून ऐकणारा श्रोता येथे आजही भेटतो. याच श्रोत्याला क्रूझ म्हटले की मात्र पोहण्याचा तलाव, कॅसिनो आणि दिवसभर चालणारे खाणे एवढेच आठवते, आणि ‘हे आपले काम नव्हे’ असे म्हणून तो हा विषय बाजूला सारतो. सकाळी साडेनऊला एखादा इतिहासकार भूमध्य समुद्रातील व्यापारावर बोलतो आणि दुपारी एखादा खगोलशास्त्रज्ञ त्या रात्री दिसणाऱ्या आकाशाची ओळख करून देतो, अशीही जहाजे आहेत. ती जाहिरातीतून सहज ओळखू येत नाहीत, म्हणून ती कशी निवडावीत हे येथे सविस्तर सांगतो.

जहाजावर ‘लेक्चर’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी खपवल्या जातात. पहिले खरे व्याख्यान : विषयाचा जाणकार बोलतो, चित्रे आणि नकाशे दाखवतो, शेवटी प्रश्न घेतो. दुसरी बंदराची माहिती : उद्या जेथे उतरायचे आहे तेथे काय पाहावे, टॅक्सी कोठे मिळते, किती वाजता परतावे. तिसरी निव्वळ खरेदीची शिफारस, जी कॅरिबियन बेटांकडे जाणाऱ्या मोठ्या जहाजांवर हिऱ्यांच्या आणि टांझानाइट नावाच्या निळ्या खड्याच्या दुकानांपर्यंत श्रोत्यांना नेऊन सोडते. माझ्या ओळखीतील एका निवृत्त शिक्षक दांपत्याने ‘रोज व्याख्यान’ या एका ओळीवर विसंबून प्रवास ठरवला आणि सात दिवसांत त्यांना पाच वेळा दागिन्यांवरील प्रवचन ऐकावे लागले. म्हणून पहिला प्रश्न ‘व्याख्याने आहेत का’ हा नसून ‘कोण बोलते आणि कशावर’ हा असावा.

दुसरी कसोटी मार्गाची आहे, आणि माझ्या मते ती जहाजाच्या नावापेक्षाही महत्त्वाची आहे. बहुतेक व्याख्याने जहाज कोणत्याही बंदराला न लागता अखंड चालत असते त्या दिवशी होतात, कारण बंदराच्या दिवशी सभागृहात बसायला कोणी नसते. त्यामुळे कार्यक्रमपत्रिकेत ‘ॲट सी’ असे लिहिलेले दिवस आधी मोजावेत. सात रात्रींत सहा बंदरे दाखवणारा प्रवास पर्यटनासाठी कितीही चांगला असला, तरी व्याख्यानांच्या दृष्टीने तो जवळजवळ रिकामा असतो. याउलट क्युनार्ड कंपनीचे ‘क्वीन मेरी २’ हे जहाज साउथॅम्प्टनहून न्यूयॉर्कला जाताना सहसा सात रात्री घेते आणि वाटेत कोठेही थांबत नाही, त्यामुळे मधले सहा पूर्ण दिवस हाताशी राहतात. २००४ सालापासून सेवेत असलेल्या या जहाजावर तारांगण आहे, मोठे ग्रंथालय आहे, आणि ‘इन्साइट्स’ या नावाने पाहुण्या वक्त्यांची व्याख्याने होतात.

याच तत्त्वावर कमी खर्चाचा एक मार्ग निघतो. उन्हाळ्यात भूमध्य समुद्रात फिरणारी अनेक जहाजे शरद ऋतूत अटलांटिक ओलांडून कॅरिबियनकडे जातात आणि वसंतात परत येतात. जहाजाला जागा बदलायचीच असते, म्हणून या एकमार्गी प्रवासाचे दर रात्रीचे भाडे बहुधा कमी असते आणि समुद्रातील सलग दिवस भरपूर असतात. इंग्रजीत यांना ‘रिपोझिशनिंग क्रूझ’ म्हणतात. अडचण एवढीच की चढायचे स्पेन-इटलीत आणि उतरायचे फ्लोरिडात, म्हणजे शेंगेन (युरोपातील बहुतेक देशांचा सामायिक) व अमेरिका असे दोन्ही व्हिसा लागतात आणि विमानाची तिकिटेही दोन वेगळ्या शहरांची काढावी लागतात. भाड्यात वाचलेले पैसे तेथे किती जातात याचा हिशेब आधीच मांडावा.

आता कोणत्या कंपन्यांकडे पाहावे ते सांगतो. व्हायकिंगच्या सागरी जहाजांवर सुमारे ९३० प्रवासी असतात, अठरा वर्षांखालील मुलांना प्रवेश नसतो, कॅसिनो नसतो, आणि ‘रेसिडेंट हिस्टोरियन’ या पदावरील अभ्यासक त्या मार्गाच्या इतिहासावर बोलतो. स्वॉन हेलेनिक या नावाची परंपरा तर १९५० च्या दशकातील आहे. ग्रीसच्या प्राचीन स्थळांकडे जाणाऱ्या त्या जुन्या सफरींत व्याख्यान देणाऱ्यांपैकी एक होते मॉर्टिमर व्हीलर, ज्यांनी भारतीय पुरातत्त्व खात्याचे महासंचालक असताना १९४७ साली आपल्याच राज्यातील चित्रदुर्ग जिल्ह्यात ब्रह्मगिरीचे उत्खनन केले होते. ते नाव आज नव्या मालकीखाली लहान, ध्रुवीय प्रदेशात जाऊ शकणाऱ्या जहाजांवर चालते. सीबोर्न कंपनी आपल्या व्याख्यानांना ‘कॉन्व्हर्सेशन्स’ म्हणते. प्रत्येक कंपनीने अशी स्वतःची नावे ठेवलेली असल्यामुळे संगणकावर शोध घेताना कंपनीच्या नावापुढे इंग्रजीत ‘एनरिचमेंट’, ‘गेस्ट स्पीकर’ किंवा ‘एक्स्पिडिशन टीम’ यांपैकी एक शब्द जोडावा. नुसते ‘एज्युकेशनल क्रूझ’ असे शोधले की बहुधा शाळांच्या सहलीच समोर येतात.

ज्यांना निसर्गविज्ञानात रस आहे त्यांनी मोहिमेच्या जहाजांचा, म्हणजे एक्स्पिडिशन जहाजांचा, वेगळा विचार करावा. लार्स-एरिक लिंडब्लाड यांनी १९६६ साली सामान्य पर्यटकांना अंटार्क्टिकाला नेले. त्यांच्या मुलाने सुरू केलेली कंपनी आज नॅशनल जिओग्राफिकच्या भागीदारीत जहाजे चालवते. अंटार्क्टिकात एका ठिकाणी एका वेळी शंभरापेक्षा जास्त प्रवासी किनाऱ्यावर उतरवायचे नाहीत आणि पाचशेहून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाने कोणालाच उतरवायचे नाही, असा तेथील दंडक आहे. त्यामुळे प्रवाशांची संख्या पाहूनच किनारा पायाखाली येणार की डेकवरून पाहावा लागणार हे कळते. दक्षिण अमेरिकेच्या टोकापासून ड्रेक सामुद्रधुनी ओलांडायला जाताना सुमारे दोन दिवस आणि येताना दोन दिवस लागतात. पेंग्विन, बर्फ, भूगर्भ, जुन्या शोधमोहिमा यांवरील व्याख्यानांची गर्दी नेमकी याच दिवसांत असते. आणि नेमकी याच दिवसांत बोट लागण्याची शक्यताही सर्वाधिक असते, हे डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवण्यासारखे आहे. या सफरी काही लाखांच्या घरात जातात, तेव्हा केवळ हौस म्हणून घाईने पैसे भरू नयेत.

अलास्काचा पर्याय त्या मानाने पुष्कळ आवाक्यात येतो. ग्लेशियर बे या राष्ट्रीय उद्यानात एका दिवशी दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना प्रवेश मिळतो, आणि आत शिरणाऱ्या जहाजावर उद्यानाचे रेंजर स्वतः चढून दिवसभर हिमनद्यांची माहिती सांगतात. जहाज एरवी करमणुकीचे असले, तरी हा एक दिवस अस्सल शिक्षणाचा ठरतो. मे ते सप्टेंबर या हंगामातील अलास्काच्या सगळ्याच सफरी तेथे जात नाहीत, म्हणून मार्गात ‘ग्लेशियर बे’ हे नाव स्पष्ट लिहिलेले आहे की नाही ते तपासावे. जवळच्या दुसऱ्या हिमनदीचे नाव दाखवून काम भागवण्याचा प्रकार होतो.

आकाशाची आवड असणाऱ्यांनी २ ऑगस्ट २०२७ ही तारीख लक्षात ठेवावी. त्या दिवशीचे खग्रास सूर्यग्रहण दक्षिण स्पेन, उत्तर आफ्रिका आणि इजिप्तमधून दिसणार असून लक्झरजवळ खग्रास स्थिती सहा मिनिटांहून अधिक टिकेल. अशा ग्रहणांसाठी खगोलतज्ज्ञ सोबत घेतलेल्या खास सफरी निघतात आणि त्या फार आधी भरतात. ग्रहण नसतानाही नाईल नदीवरील लक्झर ते आस्वान हा तीन-चार रात्रींचा प्रवास विचारात घ्यावा, कारण तेथे इजिप्तविद्या शिकलेला परवानाधारक मार्गदर्शक सोबत घेता येतो आणि सकाळी ऐकलेली गोष्ट दुपारी मंदिराच्या भिंतीवर प्रत्यक्ष वाचता येते. घरात महाविद्यालयीन मुले असतील, तर १९६३ साली सुरू झालेल्या आणि आज कोलोरॅडो स्टेट विद्यापीठाशी जोडलेल्या ‘सेमिस्टर ॲट सी’ या उपक्रमाची माहिती घ्यावी. तेथे जहाजावर नियमित तास आणि परीक्षा असतात, हौशी प्रवाशांच्या व्याख्यानांशी त्याची गल्लत करू नये.

आपल्याकडील किनाऱ्याचे काय, असा प्रश्न साहजिकच येतो, कारण चोर्ला घाट उतरला की समुद्र दूर नाही. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या देशी सफरींचा भर करमणुकीवर असतो, आणि तेथे व्याख्यान मिळेल या आशेने जाऊ नये. मात्र पावसाळा सरल्यावर परदेशी जहाजे जगप्रदक्षिणेच्या किंवा आखात ते सिंगापूर अशा मार्गावर मुंबई, मुरगाव, नवे मंगळूर, कोची या बंदरांना लागतात. त्या लांब प्रवासाचा एक तुकडा, इंग्रजीत ‘सेगमेंट’, विकत घेता येतो का हे विचारावे. मिळाला, तर परदेशी जहाजावरची व्याख्याने ऐकण्यासाठी युरोपपर्यंत विमानाने जाण्याचा खर्च वाचतो. नदीप्रवासाची आवड असेल, तर ब्रह्मपुत्रा आणि गंगेवरील लहान जहाजे आहेत. १३ जानेवारी २०२३ रोजी वाराणसीहून निघालेल्या ‘गंगा विलास’ने ५१ दिवसांत सुमारे ३,२०० किलोमीटर जाऊन दिब्रुगड गाठण्याचा बेत आखला होता, आणि त्यावर केवळ ३६ प्रवाशांची सोय आहे. इतक्या लहान जहाजावर सभागृहाची औपचारिकता नसते, पण मार्गदर्शकाला संध्याकाळी निवांत प्रश्न विचारता येतात, आणि मला स्वतःला तोच प्रकार अधिक आवडतो.

दोन-तीन सफरी निवडल्या की खरी तपासणी सुरू होते. प्रत्येक जहाजावर दुसऱ्या दिवशीचे कार्यक्रमपत्रक आदल्या संध्याकाळी केबिनमध्ये किंवा मोबाइलवर येते. त्याच जहाजाचे, त्याच मार्गावरचे, मागील हंगामातील असे पत्रक एजंटाकडून मागून घ्यावे. जुने प्रवासीही ती जपून ठेवतात आणि इतरांना दाखवतात. त्यात समुद्रातील एका दिवशी किती व्याख्याने झाली, प्रत्येकाचा अवधी किती, वक्त्याची ओळख काय दिली आहे, आणि दोन व्याख्याने एकाच वेळी ठेवली आहेत का, एवढे पाहिले की जाहिरातीपेक्षा अधिक कळते. दिवसाला दोनपेक्षा कमी खरी व्याख्याने असतील, तर मी त्या जहाजाला या यादीत धरत नाही. पुष्कळ कंपन्या वक्त्यांना मोठे मानधन न देता प्रवास मोफत देतात, त्यामुळे दर्जा कमीजास्त होतो. वक्त्याचे नाव कळल्यावर त्याने कोठे शिकवले, काय लिहिले हे स्वतः शोधावे. नावे बऱ्याचदा प्रवासाच्या थोडेच आधी जाहीर होतात आणि ऐनवेळी बदलूही शकतात, म्हणून एका व्यक्तीसाठी पैसे भरण्यापेक्षा कार्यक्रमाच्या परंपरेवर विश्वास ठेवणे शहाणपणाचे आहे. बेळगावातील एजंटाला हे प्रश्न नवे वाटतील. त्याला ते ईमेलने विचारावेत आणि कंपनीचे लेखी उत्तर मागावे.

इंग्रजीची धास्ती अनेकांना असते, विशेषतः ज्यांचे शिक्षण मराठी माध्यमात झाले त्यांना. त्यावर उपाय आहे : ‘व्हायकिंग डॉट टीव्ही’ या संकेतस्थळावर व्याख्याने विनामूल्य पाहता येतात, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी चार-पाच ऐकून उच्चार कानाला झेपतात का ते ठरवावे. ज्या विषयावर मराठीत आधी वाचलेले असते, त्यावरचे इंग्रजी व्याख्यान पुष्कळ सोपे जाते. अनेक जहाजांवर झालेले व्याख्यान केबिनमधील टीव्हीवर पुन्हा दाखवतात. ती सोय आहे का, हेही विचारून घ्यावे.

कागदपत्रांत सीमाभागातील माणसाची थोडी वेगळी अडचण होते. आपली धाव सवयीने मुंबई-पुण्याकडे असते, पण पत्ता कर्नाटकाचा असल्यामुळे व्हिसाचे कार्यक्षेत्र आधी पाहावे लागते. उदाहरणार्थ, कर्नाटकासाठीचा जर्मनीचा वाणिज्य दूतावास बंगळूरला आहे. जहाज ग्रीसहून तुर्कस्तानला जाऊन परत ग्रीसला येत असेल, तर शेंगेन व्हिसा एकाहून अधिक प्रवेशांचा हवा. जुन्या पासपोर्टवर ‘बेळगाम’ आणि २०१४ च्या नामांतरानंतरच्या कागदांवर ‘बेळगावी’ असे असू शकते. अर्जात पासपोर्टवर आहे तेच लिहावे, आणि तिकिटावरील नावातही एका अक्षराचा फरक ठेवू नये.

भाडे दोघांनी एक केबिन वापरण्याच्या हिशेबाने माणशी दिलेले असते. एकट्याने गेल्यास जादा आकार पडतो, आणि तो कधी कधी दुसऱ्या माणसाच्या पूर्ण भाड्याएवढा असतो. सेवकांची बक्षिसी, बंदर कर आणि परदेशी सहलीवर एजंट कापून घेतो तो टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच वसूल होणारा आयकर, हे सारे धरूनच तुलना करावी. टीसीएस नंतर आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, मात्र त्याचे प्रमाणपत्र मागून ठेवावे.

केबिन निवडताना आणखी एक बारीक गोष्ट. मुख्य सभागृह बहुधा जहाजाच्या नाळेकडे, म्हणजे पुढच्या टोकाला असते, आणि तेथेच जहाज सर्वांत जास्त वर-खाली होते. ज्यांना बोट लागते त्यांनी केबिन मध्यभागी आणि खालच्या डेकवर घ्यावी, आणि व्याख्यानाला सभागृहाच्या मागच्या रांगेत, दाराजवळ बसावे.