१८७७ चं फ्रेंच शाळेतलं पुस्तक घरबसल्या कसं वाचायचं

फ्रेंचच्या दोन-तीन लेव्हल झाल्यात, आता काहीतरी खरंखुरं वाचावंसं वाटतंय पण कादंबरी उघडली की दुसऱ्याच पानावर दम निघतो, असं होत असेल तर जी. ब्रुनो घ्या. नाव पुरुषाचं, पण आहे बाई! ऑगस्तीन फुये (१८३३-१९२३), जोर्दानो ब्रुनो या इटालियन तत्त्वज्ञावरून टोपणनाव घेतलेलं, आणि लोकांना वाटायचं नवऱ्यानेच लिहिलंय, तोही तत्त्वज्ञ होता ना.

पुस्तक 'ल तूर द ला फ्रान्स', दोन पोरांची फ्रान्सवारी. पहिल्या १० वर्षांत ३० लाख प्रती गेल्या आणि तरी आपल्याकडे नाव कुणाला माहीत नाही.

प्रोजेक्ट गुटेनबर्ग (जुन्या पुस्तकांची साइट) किंवा गालिकावर (फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची साइट) फुकट मिळतं. डाउनलोड करताना साल बघा, १९०६ च्या आवृत्तीत देवाधर्माचे उल्लेख काढून टाकलेत आणि मागे नवा शेवट जोडलाय, मूळ हवं असेल तर त्याच्या आधीची घ्या.

मग शेजारी नकाशा उघडून ठेवा, हे खरंच करा. १४ वर्षांचा आंद्रे आणि ७ वर्षांचा ज्युलियँ सप्टेंबरच्या दाट धुक्यात, खांद्यावर काठीला गाठोडं अडकवून फाल्सबूरमधून निघतात, कारण १८७०-७१ च्या युद्धात फ्रान्सच्या लोरेन प्रांताचा तो भाग जर्मनीकडे गेलाय आणि बाप वारलाय. फाल्सबूर, एपिनाल, बझाँसों, लियों, मार्सेय, बोर्दो... बोट फिरवत वाचलं की शब्द अडले तरी गोष्ट सुटत नाही.

खरी अडचण पासे सँप्लची, म्हणजे लेखी फ्रेंचमधल्या भूतकाळाची, क्लासमध्ये हा काळ उशिरा शिकवतात आणि इथे पानोपानी. सगळा पाठ करू नका, फक्त 'तो' आणि 'ते'ची रूपं एका चिठ्ठीवर लिहा, 'फ्यू' म्हणजे होता/झाला, 'फी' म्हणजे केलं (मी आधी आठवडाभर दोन्हींत घोळ घातला होता), चार-पाच धड्यांत डोळ्यांना सवय होते.

प्रत्येक धड्याच्या डोक्यावर एक वाक्य असतं, आपल्या शाळेत फळ्यावर सुविचार लिहायचे ना तसलंच, ते आधी वाचू नका, अवघड असतं. धडा संपल्यावर वाचा, लगेच कळतं. कारखाने, शेती, थोर माणसांची चरित्रं कंटाळा आणत असतील तर सरळ सोडा, पोरं काकाला शोधत मार्सेयला पोचतात तिथे मात्र काही गाळू नका, कारण काका तिथे नसतोच.