फ्लाय फिशिंग : 'फट्' आवाज आला की समजा, फ्लाय गेली!

मे महिन्यात हिमाचलच्या तीर्थन खोऱ्यात नदीकाठी थोडा वेळ थांबलं, की आसूड ओढल्यासारखा 'फट्' असा आवाज हमखास ऐकू येतो. पुण्या-मुंबईहून कोणीतरी नवा कोरा रॉड घेऊन आलेलं असतं आणि त्याची फ्लाय, म्हणजे गळाच्या आकड्याला बांधलेला नकली किडा, नुकतीच तुटून मागच्या झाडीत गेलेली असते. गड्याला त्याचा पत्ताही नसतो. पुढची वीस मिनिटं तो रिकामं टिपेट (फ्लाय बांधायचा टोकाचा बारीक धागा) पाण्यावर आपटत राहतो आणि शेवटी 'इथे मासेच नाहीत' असं जाहीर करून चहाला जातो.

दोष घाईचा आहे, पण त्यामागचं गणित समजून घ्या. साध्या गळाला शिसं असतं. शिसं फेकलं की तंगूस त्याच्या मागे जाते. फ्लाय म्हणजे आकड्यावर गुंडाळलेली पिसं आणि केस, तिला वजन जवळपास नाहीच. इथे वजन लाइनमध्ये असतं. पाच नंबरच्या (नंबर वजनावरून ठरतो) लाइनचे पहिले 30 फूट 140 ग्रेन, म्हणजे साधारण 9 ग्रॅम भरतात. तुम्ही फेकता ती लाइन, फ्लाय नुसती तिच्या शेपटाला बांधलेली. ही लाइन मागे पूर्ण उलगडली नाही तर रॉड वाकवायला वजनच मिळत नाही. उलगडायच्या आत पुढे ओढली तर टोक गर्रकन उलटतं, आवाज होतो आणि गाठीपाशी टिपेट तुटतं.

उपाय एकच : मान वळवून मागे बघा. लाइन जवळजवळ सरळ झाली की हात पुढे. 'एक-दोन' मोजायला शिकवतात ते मला पटत नाही, कारण 20 फूट लाइन बाहेर असताना जेवढं थांबायचं त्यापेक्षा 40 फुटांना जास्त थांबावं लागतं. डोळ्यांनी बघणारा चुकत नाही. दुसरी खोड मनगटाची. मागे नेताना मनगट मोडलं की रॉडचं टोक खाली जातं आणि लाइन थेट झुडपात. रॉडचा बुंधा शर्टाच्या कफमध्ये खोचून सराव करा, मनगट आपोआप बंद होतं. दिसायला बावळट, पण लागू पडतं.

सराव घरी असतानाच करायचा, सुट्टीचे तीन दिवस त्यात घालवायचे नाहीत. मैदानातल्या गवतावर, फ्लायच्या जागी लोकरीचा तुकडा बांधून, रोज 15 मिनिटं, दहा दिवस. गच्चीवर किंवा डांबरावर नको, लाइनचा लेप खरवडतो. रोल कास्ट, म्हणजे लाइन मागे न उडवता पाण्यावरूनच पुढे उलगडत टाकायची फेक, मात्र गवतावर नीट जमत नाही, कारण त्याला पाण्याची पकड लागते. त्यासाठी तलाव गाठा. झाडं काठापर्यंत आली असतील तिथे मागे जागाच नसते, तेव्हा रोल कास्टशिवाय गत नाही.

लीडरला (लाइनच्या पुढचा निमुळता धागा, टिपेट हे त्याचं टोक) आपोआप पडणाऱ्या गाठींना 'विंड नॉट' म्हणतात आणि सगळा दोष वाऱ्यावर ढकलतात. बहुतेक वेळा वारा निर्दोष असतो. पुढे फेकताना सुरुवातीलाच हिसका दिला की रॉडचं टोक खाली दबतं, वरची लाइन खालच्या लाइनला छेदते आणि गाठ बसते. हळू सुरुवात, वाढता वेग, शेवटी टक्कन थांबणं, हा क्रम ठेवा. अशी एक गाठ टिपेटची ताकद जवळपास निम्मी करते. म्हणून दर दहा-बारा फेकींनी लीडरवरून बोटं फिरवा. गाठ सैल असेल तर सुईने सोडवा, घट्ट बसली असेल तर कापून नवं टिपेट जोडा. 'चालतंय की' म्हणणाऱ्याचा मोठा मासा तिथेच तुटतो.

सामानाबद्दल थोडक्यात. 9 फुटी, पाच नंबरचा, चार तुकड्यांचा रॉड, त्याच नंबरची तरंगणारी लाइन, 9 फुटी निमुळता 5एक्स लीडर. 5एक्स म्हणजे टोकाला 0.15 मिलिमीटर. एक्सची संख्या वाढली की टिपेट बारीक, गळाच्या आकड्याचा नंबर वाढला की तो आकडा लहान. फ्लायच्या नंबरला तीनने भागा : 14 किंवा 16 ला 5एक्स चालतं. पैसे लाइनवर घाला. इथल्या ट्राउट माशासाठी रील म्हणजे लाइन गुंडाळायची फिरकी, तिच्यावर उधळपट्टी नको. साध्या गळाची (स्पिनिंगची) तंगूस फ्लाय रॉडला लावून बघणारे दरवर्षी भेटतात. वर वाचलेलं गणित त्यांना पुन्हा सांगत नाही.

गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा, कोरडी गाठ घर्षणाने तापून कमजोर होते. डीट असलेलं मच्छरांचं औषध हाताला लावून लाइन धरू नका, लेप विरघळतो. लाइन कड्यांतून ओवताना टोक नव्हे तर दुमडलेली लाइन ओवा, हातातून सुटली तरी घसरून खाली येत नाही. चष्म्याशिवाय फेकू नका. आणि रॉड माशापेक्षा गाडीच्या दारात जास्त मोडतात.

आता दुसरी मोठी चूक : थेट पाण्यात घुसणं. ब्राउन ट्राउट (मूळचा इथला नव्हे, ब्रिटिशांनी आणून सोडलेला) प्रवाहाकडे तोंड करून काठालगत, दगडांच्या आडोशाला बसतो. नवखा नेमका तिथेच गुडघाभर पाण्यात उभा राहतो, माशांना पळवतो आणि मग पलीकडच्या काठावर फ्लाय फेकायला बघतो. मधले तीन वेगवेगळे प्रवाह लाइन ओढतात, फ्लाय पाण्यावर रेघ ओढत पळते. खरा किडा असा पळत नाही, हे माशाला कळतं. आधी काठापासून दोन पावलं मागे उभे राहा, खालून वरच्या दिशेने सरका, काठचं पाणी आधी तपासा. 20-25 फूट पुरे. लाइन पडताच तिचा मधला झोळ रॉडच्या टोकाने उचलून प्रवाहाच्या वरच्या अंगाला टाका, म्हणजे फ्लाय दोन क्षण मोकळी वाहते.

धरणाखालच्या पात्रात मधल्या दगडावर जाऊन उभं राहणं मात्र जिवावर बेततं. 8 जून 2014 रोजी लारजी धरणातून सोडलेल्या पाण्यात बियास नदीवर हैदराबादचे 24 विद्यार्थी वाहून गेले. पाणी गढूळ झालं, काटक्या वाहू लागल्या, की आधी बाहेर या, लाइन मागाहून गुंडाळा.

हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी 1 नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते, आणि हंगामातही मत्स्य विभागाचा परवाना लागतो. आकड्याचा उलटा काटा पकडीने आधीच दाबून ठेवा. मासा सोडायचा असेल तर हात ओले करून धरा आणि फोटोसाठी तापलेल्या दगडावर ठेवू नका. तोंड प्रवाहाकडे करून पाण्यातच आधार द्या, तो स्वतः निसटेपर्यंत.