परदेशातला नंबर लागत नाही? या चुका टाळा

चिपळूणला माझं मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. इथल्या कितीतरी घरांतलं कुणी ना कुणी दुबई, मस्कत, दोह्याला असतं, त्यामुळे "फोन लागत नाहीये रे, जरा बघ" हे रोजचंच. नेटवर्क बहुतेक वेळा ठीक असतं, पॅकही मारलेला असतो. चूक असते ती नंबर लिहिण्यात.

मध्यंतरी एक काकी आल्या. वहीच्या चतकोर कागदावर लेकाचा दुबईचा नंबर, ०५० ने सुरू होणारा. त्याच्याआधी तिथला देशाचा कोड ९७१ लावून दोन दिवस तसाच फिरवत होत्या. यात सुरुवातीला प्लस नव्हता, आणि ९७१ नंतर एक शून्य जास्तीचा होता. तो शून्य त्या देशातल्या देशात फोन करणाऱ्यांसाठी असतो, आपण पुण्याच्या लँडलाइनला ०२० लावतो त्यातला. बाहेरून लावताना तो गाळायचा. म्हणजे +९७१ ५० आणि पुढचे सात आकडे. त्यांच्या फोनवर शून्याचं बटण दाबून धरलं, प्लस उमटला, रिंग गेली. पलीकडून "आई?" ऐकू आलं तेव्हा काकींनी फोन दोन्ही हातांनी कानाशी धरला होता.

व्हॉट्सॲप असताना साधा फोन कशाला, असं तरुण मुलं विचारतात. पण अमिरातीत व्हॉट्सॲप कॉलवर निर्बंध आहेत. मेसेज जातात, बोलणं होत नाही. आईला आवाज ऐकायचा असतो.

ब्रिटनचंही तसंच. ०७७०० ९००१२३ असा नंबर मिळाला तर +४४ ७७०० ९००१२३. ऑस्ट्रेलियाचा मोबाइल ०४ ने सुरू होतो, तो +६१ ४ असा लावायचा. ओमान, कतार, कुवेत, सिंगापूर इथे आठच आकडे असतात आणि गाळायला शून्य नसतोच. इटली मात्र उलटी: तिथल्या लँडलाइनचा शून्य ठेवावाच लागतो, रोमला +३९ ०६.

प्लसऐवजी ०० लावला तरी भारतातून फोन लागतो. पण नंबर ०० लावून सेव्ह करू नका. अमेरिकेतून बाहेर फोन करायला ०११ लागतं, ऑस्ट्रेलियातून ००११. प्लस कुठल्याही देशात मोबाइलवर चालतो. म्हणूनच लेकीकडे अमेरिकेला निघालेल्या प्रत्येकाला मी सांगतो, की विमानात बसायच्या आधी घरचे नंबरही +९१ लावून सेव्ह करा. नुसते दहा आकडे तिकडून लागत नाहीत, आणि +९१ नंतर शून्य लावला तरी घोटाळा होतो. मुंबईची लँडलाइन +९१ २२. इंटरनॅशनल रोमिंगही इथेच सुरू करून घ्या, नाहीतर तिथे उतरल्यावर बँकेचा ओटीपी येणार नाही आणि कस्टमर केअरला फोन लावायचीही सोय उरणार नाही.

नंबर बरोबर असूनही लागत नसेल, तर आयएसडी, म्हणजे परदेशी फोन लावायची सुविधा चालू आहे का आणि घेतलेल्या पॅकमध्ये तो देश आहे का, हे बघा. आखाताचा म्हणून घेतलेल्या पॅकमध्ये सगळं आखात असेलच असं नाही.

एसएमएसची एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. इंग्रजी अक्षरांतला एक मेसेज १६० अक्षरांचा असतो, देवनागरीतला ७० चा. काना, मात्रा, वेलांटीही वेगळी मोजली जाते. त्यापुढे लिहिलं की मेसेजचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकड्याचे पैसे वेगळे. इंग्रजी मेसेजात एक इमोजी टाकली तरी मर्यादा ७० वर येते. परदेशी एसएमएस महाग असतो, म्हणून "सुखरूप पोचलो, काळजी नको" एवढंच लिहा. मराठी सोडायची गरज नाही.

आणि अनोळखी परदेशी मिस्ड कॉलला उलट फोन करू नका. एक रिंग देऊन फोन तोडायचा आणि तुमच्या महागड्या कॉलमधून पैसे काढायचे, ही जुनी फसवणूक आहे. +१ दिसला म्हणजे अमेरिकाच, असंही नाही. +१ ८७६ म्हणजे जमैका. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच तक्रार करा. असा मिस्ड कॉल दाखवायला कुणी दुकानात आलं, तर मी आधी कोड बघतो, घरातलं कुणी त्या देशात आहे का विचारतो, आणि नसेल तर नंबर तिथेच ब्लॉक करून देतो.